‘प्लांट किंगडम’चा पंचवीस स्लाइडचा डबा, वर्षभर वापरून मग लिहितोय

मी बीड जिल्ह्यात एका शाळेवर जीवशास्त्र शिकवतो. नववी-दहावीचं विज्ञान आणि अकरावीचं बायोलॉजी, दोन्ही माझ्याकडंच आहे. गेल्या जूनला संभाजीनगरला कामानिमित्त गेलो होतो तेव्हा शाळा-कॉलेजचं प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून वनस्पती सृष्टीच्या तयार स्लाइडचा डबा आणला. पंचवीस स्लाइड, सांगितले १,९०० रुपये, बोलून बोलून १,७५० ला दिला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असा डबा थोड्याफार फरकानं सगळीकडं मिळतो, लेबल तेवढं बदलतं. ओळखीच्या तीन-चार शिक्षकांनी विचारलं की सर घ्यावा का आम्ही पण, अनुदान थोडं आलंय, तर प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो, आणि वर्षभर दोन्ही वर्गांना वापरून झाल्यावर लिहितोय, डबा उघडल्या दिवशी नाही.

आधी थोडक्यात सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. डबा चांगला आहे पण आपल्या मराठवाड्यातल्या शाळेनं पंचवीसच्या पंचवीस घ्यायची गरज नाही, सुट्या दहा-बारा घ्या, बाकीच्या गोष्टी आपल्या विहिरीवर, गोठ्यात, बांधावर जिवंत मिळतात आणि जिवंत बघितलेलं लेकरं विसरत नाहीत. कुठल्या दहा-बारा ते पुढं सांगतो, कारण खरा रिव्ह्यू तोच आहे.

डबा प्लॅस्टिकचा, आत खाचा, प्रत्येक खाचेला नंबर, झाकणाच्या आत यादी चिकटवलेली. काच बरी आहे, कडा घासलेल्या आहेत त्यामुळं हात कापत नाही, हे महत्त्वाचं आहे कारण आमच्या अकरावीला ३८ पोरं-पोरी आणि चालू अवस्थेतले मायक्रोस्कोप तीन, त्यातला एक आरशाचा, त्यामुळं स्लाइड हातोहात फिरते. लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मी आरशाचाच खिडकीत ठेवतो, सकाळच्या उन्हात तो बल्बवाल्यापेक्षा छान दाखवतो (थेट सूर्याकडं आरसा मात्र धरू देऊ नका, डोळ्याला इजा होते). रंग सगळ्या स्लाइडला सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीनचा, म्हणजे जलवाहिनीच्या जाड भिंती लाल आणि बाकीच्या पेशी हिरव्या, बहुतेक स्लाइडला रंग नीट बसलाय. तीन स्लाइडमध्ये हवेचे बुडबुडे आहेत, त्यातली एक व्हॉल्वॉक्स या गोल शेवाळाची, त्यात व्हॉल्वॉक्स कोणता आणि बुडबुडा कोणता हे लेकरांना कळत नाही, दोन्ही गोलच. क्लॅमिडोमोनास या एका पेशीच्या शेवाळाची स्लाइड तर वर्गाच्या कामाची नाहीच, १०० पट मोठं करून ठिपके दिसतात, ४५० पटवर लेन्स लावली की त्या ठिपक्यांचे जरा मोठे ठिपके होतात, फ्लॅजेला (पोहायचे शेपटीसारखे धागे) काही दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. नववीच्या पुस्तकात सहावा धडा वनस्पतींचं वर्गीकरण आहे, आयक्लर या शास्त्रज्ञानं १८८३ साली केलेले अबीजपत्री (बी न येणाऱ्या) आणि बीजपत्री (बी येणाऱ्या) हे दोन भाग, मग थॅलोफायटा (शेवाळं), ब्रायोफायटा (मॉसचा गट), टेरिडोफायटा (नेच्याचा म्हणजे फर्नचा गट), अनावृत्तबीजी (उघड्या बियांची झाडं), आवृत्तबीजी (झाकलेल्या बियांची, फुलं येणारी झाडं). अकरावीला तेच किंगडम प्लांटी म्हणून तिसऱ्या धड्यात परत येतं, जरा खोलात. दोन्ही ठिकाणी लेकरं नावं पाठ करतात आणि महिन्यात विसरतात, कारण ती नावं एका मागं एक का आलीत हेच त्यांना कळलेलं नसतं. मी बरीच वर्षं ओळीनं नावं सांगून शिकवत होतो, गेल्या दोन वर्षांपासून हा धडा मी पाण्याची गोष्ट म्हणून शिकवतो. शेवाळ पाण्यातच राहतं. मॉस जमिनीवर आलं पण त्याच्या नर पेशीला मादीपर्यंत पोहून जावं लागतं, म्हणून ओल लागतेच. नेच्याला पाणी वर चढवायला नळ्या आल्या, उंची आली, पण नर-मादी पेशी एकत्र यायची वेळ आली की परत तीच ओल लागते. सायकस-पायनस या उघड्या बियांच्या झाडांनी परागकण वाऱ्यावर सोडले, आणि फुलवाल्यांनी किड्या-माश्यांना कामाला लावलं. म्हणजे पाण्यावरचं अवलंबून राहणं हळूहळू कसं कमी झालं ती ही सगळी गोष्ट आहे, आणि पाण्याची गोष्ट आपल्या लेकरांना समजावून सांगावी लागत नाही, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं हे त्यांनी घरात ऐकलेलंच असतं, टँकरच्या रांगेत त्यातले कितीतरी स्वतः उभे राहिलेत. म्हणून मी डब्यातल्या स्लाइडसुद्धा कंपनीच्या नंबरनं न लावता या पाण्याच्या क्रमानं लावून घेतल्या आणि वरून स्केचपेननं नवीन नंबर टाकले. तुम्ही डबा घेतला तर हे आधी करा, डब्यात मॉसच्या गटातल्या रिक्सियाच्या शेजारी मक्याचं खोड होतं, का ते बनवणाऱ्यालाच माहीत.

शेवाळाच्या पाच स्लाइड आहेत. स्पायरोगायराची साधी स्लाइड घेऊ नका, पैसे वाया जातात. जनावरांच्या हौदातलं नाहीतर विहिरीतलं केसासारखं हिरवं बुळबुळीत शेवाळ चिमूटभर आणा, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरा, त्यातली हिरवी वळणदार पट्टी जितकी सुंदर दिसते तितकी मेलेल्या रंगवलेल्या स्लाइडमध्ये कधीच दिसत नाही, पहिल्यांदा बघणारं लेकरू डोळा काढायलाच तयार नसतं. पण स्पायरोगायराच्या संयुग्मनाची स्लाइड जरूर घ्या, कारण ते आपल्याला पाहिजे त्या दिवशी हौदात सापडेलच असं नाही. दोन धागे शेजारी, मधे शिडीसारख्या नळ्या, एका धाग्यातला माल दुसऱ्यात चाललेला आणि तिथं जाड भिंतीचा झायगोस्पोर तयार झालेला, हे या स्लाइडमध्ये अगदी स्पष्ट दिसतं. पाणी आटायला लागलं की हा झायगोस्पोर टिकून राहतो आणि परत पाणी आलं की उगवतो, असं सांगितल्यावर एक पोरगं म्हणलं, “मंजी बियाणं राखून ठेवल्यावानी.” बी नाहीये ते, हे मी सांगितलं, पण त्यानं पकडलेला धागा बरोबर होता. काराची स्लाइड पण ठेवा, पण आधी काराच आणा. पाझर तलावाच्या उथळ पाण्यात सापडते, हातात घेतली की खरखरीत लागते कारण अंगावर चुन्याचा थर असतो, बुळबुळीत स्पायरोगायरा एका हातात आणि खरखरीत कारा दुसऱ्या हातात दिली की दोन्ही शेवाळंच आहेत यावर लेकरांचा विश्वास बसत नाही.

ब्रायोफायटासाठी मात्र हा डबा सोन्यासारखा आहे, एवढ्यासाठीच मी तो परत घेईन. आपल्याकडं मॉस मिळतं, पावसाळ्यात शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीखाली, जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर हिरवी मखमल अंथरल्यासारखं असतं. रिक्सियासुद्धा श्रावणात ओल्या काळ्या मातीवर चक्रीसारखी गोल पसरलेली सापडते, आम्ही सौताड्याच्या सहलीला गेलो तेव्हा धबधब्याच्या वाटेवर बसून लेकरांनी हुडकली. पण मार्केंशिया मला आमच्या भागात आजपर्यंत सापडलेली नाही. शिवराम कश्यप, ज्यांना भारतातल्या ब्रायोफायटा अभ्यासाचे जनक मानतात, त्यांनी पश्चिम हिमालयात हिंडून या लिव्हरवर्टवर (रिक्सिया-मार्केंशियाच्या गटावर) काम केलं, ती थंड ओली जागा कुठं आणि आपला एप्रिल कुठं. पुस्तकात तर मार्केंशियाचं चित्र हमखास असतं, अकरावीच्या लेकरांनी ते वर्षानुवर्षं फक्त चित्रच बघितलं. डब्यात मार्केंशियाच्या चार स्लाइड आहेत, थॅलसचा (चपट्या, पानासारख्या अंगाचा) छेद, जेमा कप, आणि नर-मादीच्या छत्र्या. जेमा कपची स्लाइड पहिल्यांदा मी स्वतः दहा मिनिटं बघत बसलो होतो. कपाच्या तळाशी बारीक देठावर उभे जेमा, पावसाचा थेंब कपात पडला की ते उडून बाजूला पडतात आणि तिथं नवीन रोप होतं. नरछत्रीच्या स्लाइडमध्ये अँथेरिडिया (नर अवयव) खोबणीत बसलेले सरळ ओळखू येतात. या चार स्लाइड घ्याच.

फ्युनारिया या मॉसच्या कॅप्सूलचा (बीजाणूंच्या बोंडाचा) उभा छेद पण छान आलाय, मधला दांडा, त्याच्या भोवती बीजाणूंची पिशवी, वर दातांची झालर. फ्युनारियात हे दात सोळा-सोळाच्या दोन ओळीत असतात, छेदात ते सगळे मोजता येणार नाहीत, पण हवा कोरडी झाली की दात हलतात आणि बीजाणू बाहेर पडतात हे स्लाइड दाखवत सांगितलं की समजतं. इथं एक फुकटचा प्रयोग सांगतो जो कुठल्याच डब्यात येत नाही. एप्रिलमधे भिंतीवरचं वाळून काळं पडलेलं मॉस खरवडून आणा, बशीत ठेवा, वरून पाणी टाका आणि लेकरांना नुसतं बघायला सांगा. चिमटलेली पानं थोड्याच वेळात उलगडतात आणि हिरवी दिसायला लागतात. मागच्या एप्रिलला नववीच्या वर्गात हे केलं तेव्हा सगळा वर्ग बाकावर उभा होता. जत्रेत संजीवनी म्हणून जी वाळकी मूठ विकायला येते, पाण्यात टाकली की उघडते ती, ती सिलॅजिनेलाची जात असते, म्हणजे नेच्याच्या गटातली, मॉस नाही, हे पण त्याच तासाला सांगून टाका कारण कुणीतरी विचारतंच.

आता या डब्यातली सगळ्यात मोलाची स्लाइड, फर्न प्रोथॅलस. नेचं लेकरांना माहीत आहे. हंसराज जुन्या विहिरीच्या आतल्या दगडांना लागलेला असतो, काळा तकतकीत देठ आणि नाजूक पानं, “सर, हे तर आमच्या हिरीला लागलंय” असं दरवर्षी दोघं-तिघं म्हणतातच. मी वर्गात ऑफिससमोरच्या कुंडीतला नेफ्रोलेपिस आणतो आणि पान उलटं करून दाखवतो. मागं तपकिरी ठिपके. शेतकऱ्यांची लेकरं, ती लगेच म्हणतात पानाला तांबेरा पडलाय, फवारा मारावा लागतो. या उत्तराला मी कधी चूक म्हणत नाही, कारण निरीक्षण पक्कं आहे, तांबेऱ्याच्या ठिपक्यातही बीजाणूच असतात, फक्त ते बुरशीचे असतात आणि कसेही पसरलेले असतात. इथं मात्र बघा, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूला एका रेषेत, सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे. रोग असा शिस्तीत येत नाही. मग डब्यातली सोरसच्या (म्हणजे या ठिपक्याच्या) छेदाची स्लाइड लावली की त्या एका ठिपक्यात देठावरच्या कितीतरी पिशव्या आणि पिशवीत बीजाणू दिसतात. ही स्लाइड ठीक आहे, घेतली तर चांगलं, नाही घेतली तर सुईनं ठिपका खरवडून थेंबात टाकला तरी पिशव्या दिसतात.

पण तो बीजाणू मातीत पडल्यावर काय होतं, हे कोणी बघितलेलं नसतं. सगळ्यांना वाटतं त्यातून छोटा नेचा उगवतो. उगवत नाही. त्यातून उगवतं एक हिरवं, पातळ, बदामाच्या आकाराचं पान, नखावर मावेल एवढं, जमिनीला चिकटलेलं, त्याच्या खालून केसासारखे मूलाभ. त्याच्यावर नर आणि मादी अवयव, आणि नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपर्यंत गेल्यावरच नेच्याचं खरं रोप होतं. डब्यातल्या स्लाइडमध्ये हा प्रोथॅलस अख्खा आहे, बदामाची खाच, खाचेजवळ आर्किगोनिया (मादी अवयव), खाली मूलाभांजवळ अँथेरिडिया, सगळं एका नजरेत. अकरावीच्या एका मुलीनं बघितलं, डोळा वर केला आणि म्हणाली, “सर, मग हंसराज हिरीतच का राहतोय ते हेच असंल का?” मी वर्षानुवर्षं शिकवतोय आणि एवढ्या सरळ वाक्यात मी ते कधी मांडलं नव्हतं. विहिरीच्या भिंतीला ओल असते, तिथंच नर पेशीला पोहायला पाणी मिळतं, तिथंच प्रोथॅलस जगतो, म्हणून नेचा तिथंच. पिढ्यांची अदलाबदल हा लेकरांना सगळ्यात अवघड जाणारा भाग आहे, एन आणि टू एन (गुणसूत्रांचा एक संच आणि दोन संच) लिहून फळा भरतो तरी कळत नाही. मी आता असं सांगतो की मॉसमधे लेकरू आयुष्यभर आईच्या अंगावरच राहतं, हिरवं मॉस ही एन पिढी आणि तिच्यावर उभा दांडा-कॅप्सूल ही टू एन, तिच्याच जिवावर. नेच्यात लेकरू सुरवातीला आईवर असतं पण मग मुळं-पानं फुटली की वेगळं निघतं आणि ती बदामासारखी आई वाळून जाते. आणि पुढं बीजवाल्या झाडांमध्ये उलटं होतं, एन पिढी इतकी लहान होते की ती मोठ्या झाडाच्या पोटातच राहते. प्रोथॅलसची एक स्लाइड नसती तर हे सगळं हवेतच राहिलं असतं.

मार्सेलिया या पाणथळ नेच्याच्या स्पोरोकार्पची (बीजाणूंच्या कठीण डबीची) स्लाइड मला नाही आवडली, छेद तिरका गेलाय. मार्सेलिया स्वतः तळ्याच्या काठाला, कॅनॉलच्या पाझरात मिळते, एका देठावर चार पर्णिका असलेली, ती आणून दाखवा. आणि टेरिडोफायटासाठी डब्यात नसलेली पण प्रत्येक गावात असलेली गोष्ट म्हणजे अ‍ॅझोला. दुधाच्या जनावरांना घालायला लोक ताडपत्रीच्या खड्ड्यात वाढवतात, सगळे त्याला शेवाळ म्हणतात, मुलंही आणि त्यांचे वडीलही. ते शेवाळ नाही, पाण्यावर तरंगणारा नेचा आहे, उलटं करून बघा, खाली मुळं लोंबताना दिसतात, शेवाळाला मुळं असतात का? आणि त्याच्या पानाच्या पोकळीत अ‍ॅनाबिना नावाचं नीलहरित जिवाणू राहतं जे हवेतला नायट्रोजन पकडतं. मी एक पान काचेवर चिरडून बघितलं, ४५० पटवर मण्यांच्या माळेसारखे धागे दिसले. त्याच तासाला लगेच डब्यातली सायकसच्या कोरलॉइड मुळाची स्लाइड लावा. सायकसची काही मुळं खाली न जाता वर जमिनीच्या पृष्ठभागाकडं वाढतात, प्रवाळासारखी फांद्या फुटलेली, त्यांच्या छेदात मधेच एक वेगळं कडं दिसतं, तिथं पण असेच नीलहरित जिवाणू राहतात. आणि मग सोयाबीनचं, तुरीचं मूळ उपटून त्याच्या गाठी दाखवा, तिथं रायझोबियम, तो वेगळा जिवाणू, पण काम तेच. नेचा, सायकस, तूर, एकमेकांपासून इतकी लांबची झाडं आणि तिघांनी आपापल्या घरात खत बनवणारा भाडेकरू ठेवलाय. युरियाच्या गोणीचा भाव माहीत असलेल्या लेकरांना यात किती रस येतो ते तुम्ही करून बघा. कोरलॉइड मुळाची स्लाइड चांगली आहे, घ्याच.

सायकसविषयी अजून एक सांगतो कारण ते पाण्याच्या गोष्टीत अगदी मधोमध बसतं. सायकसचे परागकण वाऱ्यानं जातात, नळी पण तयार होते, पण शेवटच्या टप्प्यात नर पेशी अजूनही पोहते, तिला हजारो फ्लॅजेला असतात. हे १८९६ साली जपानमध्ये इकेनोनं दाखवून दिलं, त्याच वर्षी हिरासेनं जिंको झाडात तेच दाखवलं होतं. म्हणजे पाणी सोडलं पण पोहणं सोडलं नाही. पायनसमध्ये तेही सुटलं. पायनस आपल्याकडं कुठून दिसणार, त्यामुळं त्याच्या दोन स्लाइड कामाच्या आहेत, एक सुईसारख्या पानाचा छेद, जाड कातडं आणि आत दबलेली पर्णरंध्रं, आणि दुसरी परागकणांची, प्रत्येक कणाला दोन बाजूला दोन फुगे, वाऱ्यावर तरंगायला. पायनसच्या पानाशेजारी आपल्या कण्हेरीच्या पानाचा छेद घेऊन ठेवा, तिचीही पर्णरंध्रं खोबणीत लपलेली असतात, पाणी वाचवायची युक्ती दोघांनी वेगवेगळी शोधलीय. डब्यात अनावृत्तबीजींचं बी मात्र कुठंच नाही, आणि नावच ज्याच्यावरून आलंय ते बी न दाखवता कसं शिकवायचं? त्यासाठी मोरपंखी. बहुतेक शाळेच्या आवारात असते, आणि आपण सगळ्यांनी लहानपणी तिची फांदी ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवलीय, अजूनही पाचवी-सहावीच्या पोरी ठेवतात. तिला लागलेली निळसर हिरवी शंकूसारखी गोंडी तोडून आणा, वाळली की ती उघडते आणि खवल्यांवर बी उघडंच बसलेलं दिसतं, भोवती फळ नाही. शेजारी सीताफळ फोडा, आपल्या बालाघाटच्या डोंगरातलं, प्रत्येक बी गरात झाकलेलं. अनावृत्त आणि आवृत्त हे शब्द त्यानंतर परत समजावून सांगायला लागले नाहीत. अकरावीतल्या एकानं वहीतून विद्या काढून दाखवली, म्हणला, “सर, ही जिम्नोस्पर्म हाय हे चौथीत कुणी सांगितलंच नाही.”

एकबीजपत्री-द्विबीजपत्रीच्या चार स्लाइड, मक्याचं खोड-मूळ, सूर्यफुलाचं खोड, हरभऱ्याचं मूळ. इथं या डब्याची खरी चूक निघाली. मक्याच्या आणि सूर्यफुलाच्या खोडाची लेबलं अदलाबदल झालेली. आणि ती चूक मी नाही, एका मुलीनं पकडली. झालं असं की दोन दिवस आधी मी वर्गात ज्वारीचा धांडा, उसाचं कांडं, तुराटी आणि पऱ्हाटी, चारही आणून ब्लेडनं आडवं कापून दाखवलं होतं. ऊस चघळून थुंकतो तो चोथा म्हणजे त्याचे व्हॅस्क्युलर बंडल (पाणी-अन्न नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे), सगळ्या गाभ्यात विखुरलेले. धांड्यात पण तसेच ठिपके. तुराटीत मधे मऊ भेंड आणि भोवती लाकडाचं कडं, पऱ्हाटीत पण तसंच. तुराटी चुलीत चांगली जळते आणि धांडा भुर्रकन जाळ होऊन विझतो, यामागं कॅम्बियम (खोड जाड करणारा पेशींचा थर) आहे, तुरीला तो असतो म्हणून कड्याकड्यानं लाकूड वाढतं, ज्वारीला नसतो. हे सगळं डोक्यात ताजं असल्यामुळं तिनं स्लाइड बघितल्या बघितल्या सांगितलं, “सर, ह्यावर मका लिव्हलंय, पण ह्याचे ठिपके तर गोलात लागलेत, मक्याचे इखुरलेले पाहिजेत.” मी बघितलं तर खरंच. ही चूक दुकानदाराला फोन करून कळवली, त्यानं वाद घातला नाही, नवीन दोन स्लाइड एसटी पार्सलनं पाठवल्या पण त्याला तीन आठवडे लागले. ज्या शिक्षकाला घाई असेल आणि तो लेबल वाचून शिकवेल तिथं लेकरं उलटंच शिकतील, म्हणून डबा आणल्यावर आधी सगळ्या स्लाइड स्वतः लावून बघा, एक संध्याकाळ जाते पण जाऊ द्या. आणि या चार स्लाइड सुट्या घ्यायची तशी गरजही नाही, बटाट्याच्या तुकड्यात धांड्याचा किंवा मुळाचा तुकडा धरून नवीन ब्लेडनं पातळ काप घ्या, सॅफ्रॅनिनचा थेंब टाका, पाच-सहा कापांत एक तरी नीट येतोच आणि तो काप लेकराचा स्वतःचा असतो.

या डब्यात रायझोपस आणि पेनिसिलियम या दोन बुरशींच्या स्लाइड पण घातल्यात. विटेकर या शास्त्रज्ञानं १९६९ साली पाच सृष्टी केल्या त्यात बुरशी वनस्पतींतून वेगळी काढली, अकरावीला आपण तेच शिकवतो, मग वनस्पती सृष्टीच्या डब्यात बुरशी बघून लेकरं गोंधळतात. मी त्या दोन काढून वेगळ्या ठेवल्या, सृष्टींची तुलना शिकवताना वापरतो. आणि बुरशीच पाहिजे तर शिळी भाकरी ओली करून झाकून ठेवा, दोन-तीन दिवसांत मिळते.

रंगाबद्दल एक सावधगिरी. नववीच्या एका पोरानं मार्केंशिया बघून वहीत लाल-हिरवी रंगवली, कारण स्लाइडमध्ये तशीच दिसली. दोष त्याचा नाही, रंग बाहेरून दिलाय हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. आता तासाच्या सुरवातीलाच सॅफ्रॅनिनची बाटली हातात घेऊन एक काप रंगवून दाखवतो, मगच डबा उघडतो. सोबतची माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे, बारा पानं, आकृत्या धड छापलेल्या नाहीत. नववीला ती चालत नाही, मी मराठीत प्रत्येक स्लाइडला चार-पाच ओळींचं कार्ड करून डब्यात ठेवलंय, काय बघायचं, कुठं बघायचं, आणि आपल्या गावात ते कुठं मिळेल.

तर सुट्या घ्यायच्या असतील तर माझी यादी अशी: स्पायरोगायराचं संयुग्मन, कारा, मार्केंशियाच्या चारही, फ्युनारियाची कॅप्सूल, सिलॅजिनेलाचा शंकू (लहान-मोठे दोन प्रकारचे बीजाणू एकाच ठिकाणी दिसतात, बीज कसं आलं असेल ते तिथून सांगता येतं), प्रोथॅलस, कोरलॉइड मूळ, पायनसच्या दोन. बारा झाल्या. दुकानदार आधी नाही म्हणतात, डबाच घ्या म्हणतात, पण जरा थांबलं की सुट्या देतात, मला परवा ६५ रुपयाला एक सांगितली.

प्रोथॅलसची दुसरी मागवलीय मी. पहिलीची कव्हरस्लिप फेब्रुवारीत तडकली, नववीच्या एका पोरानं बघता बघता स्क्रू जास्त खाली फिरवला आणि लेन्स टेकली. तो रडकुंडीला आला होता. तडा काठावर आहे, बदाम अजून शाबूत आहे, खाचेजवळचे आर्किगोनिया पण दिसतात, म्हणून तीच स्लाइड अजून वापरतोय आणि पहिला नंबर त्याच पोराला देतो.